लावोतली उघडी तळघरं

क्युलीच्या स्टेशनवर उतरले तेव्हा फलाटावरच्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या गळ्यात एक रिकामा काचेचा पेला होता. नाडीच्या छोट्या कापडी पिशवीत ठेवलेला, छातीवर टेकलेला. म्हातारी जोडपी, कॉलेजातली मुलं, लेकराला पाठीवर बांधलेला बाप, सगळ्यांच्या गळ्यात तोच पेला. भाचीनं माझ्याही गळ्यात एक अडकवला. "आत्या, आज दिवसभर हाच आपला पेला. कुठल्याही तळघरात शिरायचं आणि हा पुढे करायचा," ती म्हणाली.

ती लोझानला शिकते. मी तिच्याकडे महिनाभरासाठी गेले होते आणि ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा पेंटेकॉस्टचा शनिवार-रविवार त्या महिन्यात पडला. स्वित्झर्लंडच्या वो कँटनमधले शेकडो द्राक्षबागाईतदार या दोन दिवसांत आपापल्या वाइनच्या तळघरांची दारं कुणालाही उघडी ठेवतात. वॅले, नशातेल, जिनिव्हा या शेजारच्या कँटनांचेही असे दिवस असतात, वसंतात थोडे मागेपुढे. भाचीला वाटलं, निफाडच्या द्राक्षवाल्या घरातल्या आत्याला दाखवण्यासारखं याहून चांगलं इथं काही नाही. तिचं बरोबर होतं, पण तिनं मनात धरलेल्या कारणापेक्षा वेगळ्याच कारणानं.

लोझानपासून पूर्वेला जिनिव्हा सरोवराच्या (तिथले लोक त्याला लेमां म्हणतात) उत्तर काठानं जो उभा उतार माँत्रोच्या दिशेनं जातो, तो लावो. काठावरून रेल्वे जाते आणि रुळांपासून थेट वर आकाशापर्यंत द्राक्षाच्या पायऱ्या चढत जातात. समोर पाण्यापलीकडे फ्रान्सच्या हद्दीतले साव्हॉयचे डोंगर, मे संपत आला तरी माथ्यावर बर्फ. सह्याद्रीत भाताच्या पायऱ्या पाहिलेल्या असतात आपण. पण त्या मातीच्या बांधाच्या. इथं प्रत्येक पायरीला पुरुषभर उंचीची दगडी भिंत. दहा हजारांवर पायऱ्या आणि सगळ्या भिंती जोडल्या तर सुमारे ४०० किलोमीटर लांबी. म्हणजे मुंबईहून कोल्हापूरपर्यंत रस्त्याच्या कडेनं सलग भिंत बांधत गेलं तर जितकी होईल, जवळपास तितकी.

गावातून वर रियेच्या रस्त्याला लागलो आणि मी पहिल्याच बागेपाशी थांबले. आमच्याकडे वेल मांडवावर किंवा वाय आकाराच्या तारांवर पसरतो. बागेत शिरलं की डोक्यावर पानांचं छत आणि घड खाली लोंबत असतात. इथल्या जुन्या बागांत एकेक वेल आपापल्या खुंटीपाशी एकटा उभा, गुडघ्याएवढा. खोडाच्या टोकाला चार-पाच छोटे फाटे ठेवून दरवर्षी तिथूनच नवी काडी घ्यायची, अशी ही जुनी पद्धत. नव्या बागा तारेवर गेल्या आहेत. पण पायरी इतकी अरुंद असते की कित्येक ठिकाणी दोन-तीन ओळींपलीकडे काही मावत नाही. ट्रॅक्टर शिरण्याचा प्रश्नच नाही. उभ्या उतारावर जमिनीपासून हातभर उंच एकच दातेरी रूळ टाकलेला दिसतो, त्यावरून एक छोटी मोटारगाडी क्रेट वर-खाली नेते. औषध मारायला काही भागांत हेलिकॉप्टर येतं. बाकी सगळं हातानं.

त्या दिवशी सणासुदीचं वातावरण असूनही वरच्या एका पायरीवर तीन बाया वाकून काम करत होत्या. फुटवे काढत होत्या. हे काम मी लहानपणापासून पाहिलेलं, केलेलं. फाजील फुटवे आणि बगलफुटी काढल्या नाहीत तर वेलाची ताकद पाल्यात जाते. बोटांची ती चिमूट तंतोतंत तशीच होती. भाचीनं चौकशी केली, त्या पोर्तुगालच्या निघाल्या. पूर्वी याच कामासाठी मे-जूनमध्ये समोरच्या साव्हॉयमधून बाया सरोवर ओलांडून येत. गरीब डोंगराळ मुलूख तो, घरची शेती सांभाळून चार पैसे मिळवायला येणं त्यांना भाग असायचं. आमच्या निफाडला पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात, छाटणीला, विरळणीला, काढणीला. डोंगरातली माणसं खालच्या बागायतीत कामाला उतरतात, हे दोन्हीकडे सारखंच.

पहिलं तळघर एपेसमध्ये. गाव म्हणजे एकमेकांना चिकटलेली चाळीस-पन्नास घरं असावीत आणि मध्ये एक उतरती गल्ली. घराच्या तळमजल्याला कमानीचं लाकडी दार, आत चार पायऱ्या उतरून गारवा. एका बाजूला माणसाहून उंच लाकडी पिंपं, दुसऱ्या बाजूला स्टीलच्या टाक्या. कोपऱ्यात लाकडी बाकांची एक लहानशी खोली होती, तिला इकडे 'कार्नोत्झे' म्हणतात. दुकान नव्हे, हॉटेलही नव्हे. बागाईतदारानं आपल्या मित्रांना बसवून घरची वाइन पाजायची ती जागा. मला आमच्या पडवीची आठवण झाली. व्यवहार इथं ठरतात, पण बसायचं ते व्यवहारासाठी नाही.

मालक साठीचा, हात भेगाळलेले. त्यानं पेल्यात दोन बोटं वाइन ओतली, फिकट, जवळजवळ पाण्याच्या रंगाची. शास्ला. वो कँटनमध्ये निम्म्याहून जास्त क्षेत्र या एकाच पांढऱ्या जातीचं आहे आणि डीएनएच्या अभ्यासावरून तिचा उगमही याच सरोवराच्या परिसरातला मानतात. जगात इतरत्र शास्ला प्रामुख्यानं खायचं द्राक्ष म्हणून ओळखतात. तिला मस्कतसारखा ठसठशीत वास नाही, आंबटपणा बेताचा, गोडी बेताची. पहिल्या घोटाला मला काहीच कळलं नाही. मी तसं सांगितलं, भाचीनं भीतभीत भाषांतर केलं, आणि तो माणूस खूश झाला. म्हणाला, हेच तर. या द्राक्षाला स्वतःचा आवाज नाही, म्हणून जमिनीचा ऐकू येतो.

मग त्यानं रस कसा शांत होतो ते समजावलं. द्राक्षातल्या साखरेचा मद्यार्क होतो, ते पहिलं आंबवणं. त्यानंतर इथले लोक दुसरंही होऊ देतात. त्यात जिवाणू सफरचंदात असतं तसलं तीव्र आम्ल खाऊन त्याचं दह्यात असतं तसलं सौम्य आम्ल करतात. कैरीचा आंबटपणा दह्याच्या आंबटपणात बदलावा तसं. उष्ण मुलखातली पांढरी वाइन बनवताना हा टप्पा बऱ्याचदा मुद्दाम थांबवतात, कारण तिथल्या द्राक्षात आम्ल आधीच कमी असतं आणि ताजेपणा राखायचा असतो. इथं थंडीमुळे उलटं. एका द्राक्षाच्या रसात हवामान असं जाऊन बसतं.

"तुमचा वेल हिवाळ्यात किती आठवडे झोपतो?" त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, झोपतच नाही.

त्याला ते खरं वाटेना. मग मला सगळं सांगावं लागलं. दख्खनच्या पठारावर वेलाला झोपवण्याइतकी थंडी पडत नाही, म्हणून तो बारमाही हिरवा राहतो. त्याला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तीत फळाची काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यावर माल येतो आणि जानेवारीपासून काढणी चालू होते. त्याच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये एकच छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी. म्हणजे तो तोडणीला कात्री लावतो त्या दिवसांत आम्ही छाटणीला कात्री लावतो. त्यानं टेबलावरच्या कागदावर वर्षाचं वर्तुळ काढलं, माझ्या हातात पेन्सिल दिली आणि आमचे महिने भरायला लावले. मागे लोक पेले घेऊन उभे होते, तेही वाकून बघायला लागले.

एक गोष्ट मात्र दोन्ही वर्तुळांत एकाच जागी पडली. मेअखेर ते जून. आमच्याकडे खरड छाटणीनंतर या दिवसांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. डोळ्यांना दिसत नाही, पण पुढच्या मोसमात किती घड लागणार ते इथंच ठरतं. त्याच्या वेलातही फुलोऱ्याच्या आगेमागे डोळ्यांच्या आत पुढल्या वर्षीचे घड आकार घ्यायला लागतात. साडेसहा-सात हजार किलोमीटर अंतरावरचे दोन वेल, एक कधीच न झोपणारा, दुसरा पाच महिने झोपणारा, आणि त्याच पंधरवड्यात दोघांच्या पोटात तीच घडामोड. मी पस्तीस वर्षं बागेत वावरले, पण हे अंगावर काटा आणणारं वाटलं ते तिथं, त्या तळघरात.

एपेसमधून देझालेकडे जाणारी वाट भिंतींच्या मधून जाते. ऊन वर आलं तसा भिंतीचा दगड तापला. इथं म्हणतात की लावोला तीन सूर्य आहेत: एक वरचा, एक सरोवरावरून परावर्तित होणारा, आणि एक दिवसभर तापून रात्री ऊब सोडणारा भिंतीतला. तिसऱ्याची खात्री पाठ टेकली की लगेच पटते. सरोवरही तसंच, उन्हाळ्यात साठवलेली ऊब थंडीत सावकाश सोडतं. वसंतात उशिरानं पडणारं गोठवणारं दहिवर हे स्विस बागाईतदाराचं मोठं भय. कोवळे कोंब रात्रीत काळे पडतात, आणि बागांत रात्रभर मेणाचे दिवे पेटवून ठेवावे लागतात. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत शून्याच्या आसपास घसरतो तेव्हा आम्हीही मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतो. धुरानं डोळे चुरचुरत काढलेल्या त्या रात्री मला आठवल्या.

या भिंतींची मुळं बाराव्या शतकात आहेत. लोझानच्या बिशपनं हा झाडोऱ्यानं भरलेला कडा सिस्टर्शियन पंथाच्या भिक्षूंना दिला. प्रार्थना आणि अंगमेहनत या दोन्हींना सारखं मानणारा हा पंथ. त्यांनी कडा साफ केला, पायऱ्या पाडायला सुरुवात केली, आणि पुढच्या आठशे-नऊशे वर्षांत गावकऱ्यांनी ते काम थांबू दिलं नाही. १५३६ मध्ये बर्नच्या सैन्यानं हा मुलूख जिंकला, धर्मसुधारणा आली, मठांच्या जमिनी गेल्या. देझालेतल्या दोन बागांना आजही 'भिक्षूंची बाग' आणि 'मठांची बाग' अशीच नावं आहेत, पण त्यांची मालकी लोझान शहराकडे आहे. नगरपालिकेच्या मालकीची द्राक्षबाग! तिची वाइन दर डिसेंबरात लोझानच्या टाउन हॉलमध्ये लिलावानं विकली जाते.

भिंत बांधून झाली की काम संपत नाही, हे मला तिथं नीट कळलं. पावसानं माती खाली वाहते. पूर्वी ती पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेत, दर वर्षी, पुरुष आणि बायका दोघंही. पायऱ्यांच्या मधून जे दगडी जिने दिसतात ते केवळ चढण्यासाठी नाहीत, त्यांतून पावसाचं पाणीही उतरतं. पाणी तुंबलं की भिंतीला पोट येतं आणि एखाद्या रात्री ती बसते. ती पुन्हा उभारायचा खर्च त्या पायरीवरच्या द्राक्षांतून बरीच वर्षं निघत नाही. सपाट जमिनीवरच्या बागेला लागतं त्याच्या दुपटीहून जास्त मनुष्यबळ इथं लागतं. हिशेबाच्या वहीत बघितलं तर लावो कधीच मोडून तिथं बंगले उठायला हवे होते. सत्तरच्या दशकात ते उठूही लागले होते. फ्रान्झ वेबर या पर्यावरण कार्यकर्त्यानं सह्यांची मोहीम उभी केली आणि १९७७ मध्ये वो कँटनच्या मतदारांनी लावो वाचवण्याच्या बाजूनं कौल दिला. युनेस्कोनं २००७ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा मान दिला. तो मान मोठा आहेच, पण मला त्याच्या तीस वर्षं आधीच्या मताचं अप्रूप जास्त वाटलं. शेतजमिनीवर घरं नकोत हे जिथं शेतकरी नसलेल्या लोकांनीही मत देऊन ठरवलं, तिथं आजचा हा दिवस साजरा होऊ शकतो.

देझालेच्या उतारावरल्या एका तळघरात आम्हाला पंधरा वर्षांपूर्वीची शास्ला मिळाली. सकाळच्या त्या पाण्यासारख्या वाइनची मोठी बहीण. रंग गव्हाळ सोनेरी झालेला, मध आणि अक्रोडाचा वास, आणि मागे गारगोटीवर गारगोटी घासल्यावर येतो तसा काहीतरी. साधी, मूक जात म्हणून जिला हिणवतात ती अशी पिकत जाते हे मला ठाऊक नव्हतं.

ती ओतणारा माणूस मालक नव्हता. तो दुसऱ्याच्या मालकीची बाग राखतो, त्याला इकडे 'ताशरों' म्हणतात. आपल्याकडच्या वाटेकऱ्याच्या जवळचा हा माणूस. त्याच्याकडून मला वेवेच्या उत्सवाची गोष्ट कळली. वेवे गावात बागाईतदारांची एक जुनी बंधुसभा आहे, सतराव्या शतकापासूनची. ती आजही वर्षभरात बागांची पाहणी करते, प्रत्येक ताशरोंच्या कामाला गुण देते आणि ठरावीक वर्षांनी चांगल्यांचा गौरव करते. गौरव मालकाचा नाही, राबणाऱ्याचा. त्या गौरवाच्या मिरवणुकीचाच वाढत वाढत एक प्रचंड उत्सव झाला, जो एका पिढीत एकदाच होतो. १९५५, १९७७, १९९९ आणि अलीकडचा २०१९ चा. हजारो गावकरी त्यात नाचतात, गातात. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्यालाही अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हा माणूस २०१९ ला गायला होता. पुढच्या उत्सवाला आपण सत्तरी ओलांडलेली असेल, पण पोरगी असेल, असं तो म्हणाला. आमच्याकडे द्राक्ष महोत्सव होतात, स्टॉल लागतात, पुढारी भाषणं करतात. छाटणी करणाऱ्याला बाग बघून गुण देऊन भर चौकात मुकुट घातल्याचं मी कधी पाहिलं नाही.

दुपारनंतर रिवाझच्या बाजूला उतरताना गर्दी वाढली. पण कुठे धिंगाणा दिसला नाही. लोक दोन घोट घेत, उरलेलं मडक्यात ओतत, पाव आणि ग्रुयेर चीज खात, बागाईतदाराशी गेल्या पावसाबद्दल बोलत. पेला वर करताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ही इथली रीत. पेल्याकडे बघत राहिलात तर ते असभ्य. पहिल्या दोन वेळा मी चुकले, मग जमलं.

त्या बोलण्यांत मला एक गोष्ट सारखी जाणवत होती. हे सगळे एकमेकांच्या ओळखीचे होते. स्वित्झर्लंडच्या वाइनच्या शंभरातल्या जेमतेम एक-दोन बाटल्या देशाबाहेर जातात. बाकी सगळी तिथंच पितात. तरीही देशात जितकी प्यायली जाते तिच्यातली साधारण दोन-तृतीयांश बाहेरून येते, इटली, फ्रान्स, स्पेनमधून, आणि ती स्वस्त असते. नवी पिढी एकूणच कमी पिते. म्हणून हा दिवस. शेजारच्या शहरातल्या माणसानं स्वस्त आयात बाटली ठेवून तुमची महाग बाटली का घ्यावी, याचं उत्तर बागाईतदार त्याला आपल्या घरात, आपल्या भिंतीपाशी देतो. एका बाईनं कागदावर नाव लिहून बारा बाटल्यांची मागणी नोंदवली आणि म्हणाली, "त्या वरच्या पायरीच्या पाहिजेत, गेल्या वर्षीच्या." तिला पायरी माहीत होती.

आमचा माल जानेवारी-फेब्रुवारीत पॅकहाउसमधून कंटेनरमध्ये जातो आणि नेदरलँड्सच्या बंदरात उतरतो. पुढे तो कुणी खाल्ला, गोड लागला का, साल जाड होती का, काहीही कळत नाही. कळतो तो दर. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं वाइन उद्योगाला प्रोत्साहन देणारं धोरण आणलं तेव्हा दादानं दोन एकरात वाइनची द्राक्षं लावली होती. वाटलं होतं, आपल्या भागातच कारखाने, आपल्याच भागात नाव होईल. काही वर्षांनी ज्या कंपनीशी करार होता तिनं माल उचलणं बंद केलं, थकबाकी राहिली, आणि बाग तोडावी लागली. मणी लहान, बिया मोठ्या, खायच्या बाजारात ते द्राक्ष कुणी घेत नाही. त्या दोन एकरांतल्या वाइनचा एक थेंब आमच्या घरात कुणी कधी चाखला नाही. घरात तसलं काही आणणं योग्य नव्हतं, आणि मला ते आजही कळतं. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं मी पाहिली आहेत. पण स्वतः पिकवलेल्या पिकाची चव पिकवणाऱ्यालाच ठाऊक नसावी याचं दुःख मला लावोत पहिल्यांदा नीट झालं.

सां-साफोरांला पोचेपर्यंत सावल्या लांबल्या होत्या. गाव सरोवराकडे झुकलेलं, मध्ये लहानसं चर्च. त्यात रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळातला मैलाचा दगड ठेवला आहे. गावातून जाणारा रस्ता तेव्हापासूनचा. शेवटचं तळघर चर्चच्या खालच्या गल्लीत होतं. मालकीणबाईनं ओतायचं बंद केलं होतं, पेले विसळत होती. आम्ही द्राक्षवाले आहोत कळल्यावर ती आम्हाला घरामागच्या पायरीवर घेऊन गेली.

तिथं पानांवर निळसर डाग होते. मी ओळखले. बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या बागांत वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडच्या वेलांवर हे निळं पाणी शिंपडायचे. त्या वेलांवर डाउनी हा बुरशीचा रोग येत नाही हे मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं उपाय जाहीर केला. तोच उपाय आज आमच्या गावातल्या प्रत्येक शेडमध्ये ड्रममध्ये कालवला जातो. मोरचुदाला मालकीणबाई काय म्हणते ते भाचीला भाषांतर करून सांगावं लागलं नाही, मी बोटानं डाग दाखवला आणि तिनं मान हलवली. मग तिनं खोडाच्या तळाशी माती बाजूला केली. कलमाची गाठ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा किड्यानं युरोपातल्या बागांची मुळं खाऊन टाकली, तेव्हापासून शास्ला अमेरिकन खुंटावर उभी आहे. आमच्याही बागा डॉगरिज या अमेरिकन खुंटावरच आहेत, कारण वेगळं, पाण्यातला क्षार आणि पाण्याची टंचाई.

मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. तो ओट्यावर बसला होता, मागे बाजेवर वहिनी. मी मोबाइल फिरवून सरोवर दाखवलं, समोरचे बर्फाचे डोंगर दाखवले, वर चढत गेलेल्या भिंती दाखवल्या. तो बघत राहिला.

"बरं," तो म्हणाला. "आता ते पान उलटं कर. खालची बाजू दाखव."

मी पान उलटं केलं. मालकीणबाईनं माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि स्वतःच जवळ धरला.